भिशीत बसवलेला कॉम्प्युटर

ताईला भिशी लागली २०२४च्या मे महिन्यात. दहा बायका, महिन्याला प्रत्येकीचे पाच हजार, चिठ्ठी जिची निघेल तिला पन्नास. कराडच्या त्या गल्लीत ही भिशी कित्येक वर्षं चालू आहे आणि तिचा हिशेब ताईच्या लांब वहीत असतो. कोणाचे राहिलेत, कोणी दोन महिन्यांचे एकदम दिलेत, कोणी घरात लग्न निघालं म्हणून नंबर बदलून घेतला, सगळं त्या वहीत. आजवर एका रुपयाची चूक निघालेली नाही.

“त्याची दहावी झाली. कॉम्प्युटर पाहिजे म्हणतोय, गेमवाला,” ती फोनवर म्हणाली. “तुला कळतं ना त्यातलं? भिशीत बसव.”

“बसवतो. थोडेफार कमी पडले तर मी आहेच...”

“तू एक रुपया घालायचा नाहीस.”

आवाजात राग नव्हता. पण पुढे बोलायला जागाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाच्याची यादी व्हॉट्सॲपवर आली. बेरीज ९१,०००. आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, तेराव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, पाण्याने थंड होणारा कूलर, दिवे लुकलुकणारी रॅम, दोन बाजूंनी काच असलेलं कॅबिनेट. प्रत्येक वस्तूपुढे कंपनी, मॉडेल, रंगसुद्धा. फक्त शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘एसएमपीएस – कोणताही’. आणि अगदी शेवटी, ‘विंडोज – ०’.

त्या ‘कोणताही’वर मी बराच वेळ थांबलो. ज्या डब्यातून बाकी सगळ्यांना वीज मिळणार, तेवढाच काय तो कोणताही चालणार होता. पोराला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता म्हणा. एसएमपीएस मित्रांना दाखवता येत नाही.

यादीला कात्री लावणं हे आमच्या घरातलं जुनं काम. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कॅलेंडरचं फाडलेलं पान उलटं करून त्यावर यादी लिहायचे आणि मग पेन्सिलीने खालून वर खोडत यायचे. २००२ साली मी अकरावीत गेलो तेव्हा असंच एक पान जेवणाच्या टेबलावर होतं. सेलेरॉन, १२८ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क, १५ इंची डबा मॉनिटर. तेहतीस हजारांची बेरीज अण्णांच्या हातातल्या तीस हजारांत बसत नव्हती. कॉम्प्युटर ‘दोघांच्या अभ्यासासाठी’ होता; ताई तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. यादीत खाली दोन ओळी होत्या, ‘टॅली क्लास – २५००’ आणि ‘स्पीकर – ९००’. अण्णा आधी स्पीकर खोडायला गेले. मी म्हटलं, स्पीकरशिवाय कॉम्प्युटर म्हणजे मुका. ताई समोर भाजी निवडत बसली होती. ती काही बोलली नाही. अण्णांनी पेन्सिल एक ओळ वर नेली, आणि उरलेले चार-पाचशे शेठकडून कमी करून घेतले.

त्या स्पीकरवर मी दोन वर्षं रोड रॅश या गेममधल्या मोटरसायकली ऐकल्या. २००४ साली ताईचं लग्न झालं. तिने त्या कॉम्प्युटरला कधी हात लावल्याचं मला आठवत नाही.

असो. तर ९१चे ५०.

गेमिंगच्या मशीनमध्ये नवरदेव म्हणजे ग्राफिक्स कार्ड, बाकी सगळे वऱ्हाडी. पण वऱ्हाडाला जेवायला तर घालावंच लागतं, आणि तंगीत सगळी ओढाताण होते ती इथेच. पहिला रस्ता, कार्डच नको. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्यायचा, त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतात. मॉनिटर, कीबोर्ड, माउस धरून सगळं एकोणचाळीस-चाळीस हजारांत बसत होतं आणि कार्ड ‘पुढे कधीतरी’ टाकायचं. हा शहाण्या माणसाचा रस्ता. भाचा ज्यासाठी जीव टाकत होता तो व्हॅलोरंट हा गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवरच जास्त अवलंबून असतो, तो यावर झकास चालला असता. पण मध्यमवर्गीय घरातलं ‘पुढे कधीतरी’ काय असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या घराला वरचा मजला पुढे कधीतरी चढणार होता. त्याच्या गंजक्या सळया अजून गच्चीवर उभ्या आहेत.

दुसरा रस्ता स्वस्त कार्डाचा, आणि खड्डे सगळे त्याच रस्त्यावर. आरएक्स ६५०० एक्सटी चौदा हजारांच्या आसपास मिळत होतं. आकड्यात ६५ आहे, म्हणजे त्याच्या वरच्या आरएक्स ६६००च्या शेजारचं, असं कोणालाही वाटेल. पण मदरबोर्डवरचा कार्डाचा खाचा सोळा लेनचा, म्हणजे माहितीची ने-आण करायला सोळा पदरी रस्ता, आणि हे कार्ड त्यातल्या चारच लेन वापरतं. त्याच्याकडे मेमरीही ४ जीबीच. ती भरली की माल सतत रस्त्याने आणावा लागतो, आणि जुन्या पिढीच्या बोर्डावर त्या चार लेनचा वेगही निम्मा. मग गेम धावता धावता अडखळतो. आरएक्स ६६००ला आठ लेन, ८ जीबी मेमरी, आणि पूर्ण भाराला वीज १३२ वॅट. भाव वीस हजार. सहा हजारांचा फरक, पण एक घोडा आणि एक घोड्याचं चित्र.

तिसरा रस्ता जुन्या बाजाराचा. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून नाणी मिळवायची, म्हणजे खाणकामाची (माइनिंगची) पद्धतच बंद केली आणि रात्रंदिवस नाणी खणणारी कार्डं एका झटक्यात बेकार झाली. त्यातली कितीतरी पुसूनपासून बाजारात आली. सुट्टीच्या एका शनिवारी मी डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोडला उतरून कोणी भडकमकर मार्ग कुठे असं विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन अजून रॅम आणि राउटर विकतोय.

एका गाळ्यात पोराने माझ्यासमोर कार्ड ठेवलं. “५८०, आठ जीबी. सात हजार. माइनिंगचं नाही, साहेब, घरगुती वापर.” घरगुती वापर हे शब्द त्याने सेकंडहँड मिक्सर विकावा तसे उच्चारले. मी लावून दाखव म्हटलं. पडद्यावर कार्डाची कुंडली उघडली, शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे कार्डाचे बारके हात, २०४८. खऱ्या आरएक्स ५८०ला असतात २३०४. हा ५८०चा शर्ट घातलेला ५७०. तसं कार्ड अधिकृतपणेही निघालं होतं, नावापुढे ‘२०४८एसपी’ असं शेपूट लावून. दुकानात मात्र शेपूट गळून पडतं. मी आकड्यावर बोट ठेवलं. पोराने बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, “साडेसहा द्या.”

शेवटी नवं ६६०० घेतलं, पक्क्या बिलावर. बिलाशिवाय घेतलंत तर हजार-बाराशे कमी, हे इथे प्रत्येक गाळ्यात हळू आवाजात सांगतात. पण तीन वर्षांची वॉरंटी त्या कागदाला चिकटलेली असते आणि कराडहून लॅमिंग्टन रोडला कच्ची चिठ्ठी घेऊन भांडायला कोण येणार?

वीस हजार असे गेल्यावर बाकीच्यांना पोटाला चिमटा. प्रोसेसर आय३-१२१००एफ, चारच कोर पण तिखट, ७९००. सोबत कंपनीचा छोटा पंखा डब्यातच मिळतो, त्यामुळे पाण्याच्या कूलरची ओळ आपोआप गळाली. एच६१० बोर्ड ६१००. रॅम ३४००ची, आणि इथे मी हटून बसलो, १६ची एक पट्टी नाही, ८-८च्या दोन. दोन पट्ट्या म्हणजे प्रोसेसरला दोन्ही हातांनी जेवता येतं. पाचशे जीबीची एनव्हीएमई डिस्क ३०००. कीबोर्ड-माउस हजारात.

आणि एसएमपीएस. दुकानदार म्हणाला, कॅबिनेटसोबत ‘५०० वॅट’चा फुकट आहे की. मी तो हातात घेतला. कलिंगड घेताना आपण उगाच वजन जोखतो तसं जोखलं, पोकळ. मग उलटा करून लेबल वाचलं. बाहेर मोठ्या अक्षरात ५००, पण प्रोसेसर आणि कार्ड ज्या १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात तिच्या रकान्यात लिहिलेलं, १५ अँपियर. बारा पंधरे १८० वॅट. छापणाऱ्याने खोटं लिहिलेलं नव्हतं, फक्त खरं बारीक अक्षरात लिहिलं होतं. माझं कार्ड एकटं १३२ खाणार, प्रोसेसर जोरात आला की ८९पर्यंत जाणार. मी ४५० वॅटचा ब्रॉन्झवाला, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का असलेला, मागितला, ज्याचे जवळपास सगळे वॅट १२च्या रकान्यात होते. ३३००.

“सगळे हाच नेतात, साहेब,” शेठ फुकटच्या डब्याकडे बोट करून म्हणाला. नेत असतील.

कॅबिनेटच्या बाबतीत भाच्याने फोनवर माझ्याशी वीस मिनिटं वाटाघाटी केल्या. त्याला पुढूनही काच हवी होती. मी म्हटलं, कराडच्या उन्हाळ्यात पुढून काच लावलेलं खोकं म्हणजे कुकर. तो म्हणाला, “मामा, मग निदान लाइटवाले पंखे तरी.” जाळीच्या तोंडाचं, बाजूला एक काच आणि रंगीत दिव्यांचे तीन पंखे असलेलं २९००ला मिळालं. खरं सांगायचं तर साध्यापेक्षा त्याला सहाशे जास्त पडले, आणि ते सहाशे देताना माझ्या डोळ्यांसमोर ९००चे स्पीकर आले. मी मुकाट्याने दिले.

बेरीज ४७,६००. मॉनिटर नाही. चोवीस इंची चांगला मॉनिटर आठ हजारांचा, तो भिशीत बसतच नव्हता. हॉलमधला ३२ इंची टीव्ही वापरायचा ठरलं. या टीव्हीची रुंदी १३६६ ठिपक्यांची. १९२०च्या चित्रासाठी बनवलेलं कार्ड त्याला लावणं म्हणजे बासुंदी करून चहाच्या कपात वाढणं. पण कप पुढे बदलता येतो. (हो, हेही ‘पुढे कधीतरी’च. माझ्या लक्षात आहे.)

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कल्याणला कोयना एक्सप्रेस पकडली. कॅबिनेट वरच्या फळीवर, कार्ड मांडीवर. शेजारच्या काकांनी पुण्यापर्यंत धीर धरला, मग विचारलं, “काय, मिक्सर?” मी हो म्हणालो.

जोडणी माजघरात, पाटावर वर्तमानपत्र घालून. ताईच्या सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. प्रोसेसर बसवायचं काम भाच्याला दिलं. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या खुणेशी जुळवून त्याने तो अलगद ठेवला, आणि मग ती लोखंडी दांडी दाबायची वेळ आली. ज्याने कोणी हे केलंय त्याला तो आवाज माहीत आहे. चर्र असं काहीतरी वाजतं, नवी कोरी वस्तू मोडल्यासारखं, आणि तरी दाबतच राहावं लागतं. पोराने माझ्याकडे पाहिलं. “दाब,” मी म्हटलं. “मोडलं तर?” “दाब रे.” सासूबाईंनी हात जोडले.

सुरू केल्यावर पंखे फिरले, दिवे लागले, टीव्हीवर मात्र अंधार. दहा मिनिटं रॅम काढ-घाल झाली. मग दिसलं की दाजींनी मदत म्हणून टीव्हीची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या भोकात खोचली होती. प्रोसेसरच्या नावातल्या त्या ‘एफ’चा अर्थ हाच, याच्या पोटात ग्राफिक्स नाहीत, त्यामुळे ते भोक आमच्यासाठी शोभेचं. केबल बदलली, टीव्ही उजळला, गल्लीतली चार पोरं आरडली.

आणि संध्याकाळी भाचा म्हणाला, “मामा, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.”

मी लावला. अनवाणी होतो. बोटांच्या टोकांना मुंग्या याव्यात तसं, पण कुरकुरीत. मी आधी यादीतच चूक शोधली. एसएमपीएस बदलून मिळेल का, बिल कुठे आहे. रात्री झोप नाही.

सकाळी दाजींनी वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर कॅबिनेटला टेकवला, लाल दिवा लागला. मग तो एसएमपीएसकडे न बघता भिंतीकडे गेला, बोर्ड उघडला, आणि हसला.

“तीन पिनीचा साकेट हाय, पर तिसऱ्या भोकात काय न्हाई वो. घराला अर्थिंगच न्हाई.”

चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी दोन बारकी कपॅसिटर असतात. विजेतला गोंगाट ती धातूच्या अंगावाटे जमिनीत सोडून देतात. जमीनच जोडलेली नसेल तर तो सगळा कारभार अंगावरच राहतो आणि कॅबिनेटवर २३०च्या निम्मे, एकशेपंधरा व्होल्टच्या आसपास तरंगत बसतात. करंट नगण्य, म्हणून नुसत्या झिणझिण्या. फुकटच्या डब्यात बहुतेकदा ही दोन कपॅसिटरसुद्धा वाचवलेली असतात. म्हणजे मी स्वस्तातला डबा आणला असता तर झिणझिण्या कदाचित आल्याच नसत्या आणि त्या भोकात काही नाही हे आम्हाला कळलंही नसतं. त्या घरात चाळीस वर्षं फ्रीज, इस्त्री, गिझर त्या रिकाम्या तिसऱ्या भोकावर चाललेत. ताई ओल्या हातांनी त्याच बोर्डाची बटणं दाबत आली आहे.

परसात, मोरीचं पाणी जिरतं तिथे, छातीएवढा खड्डा खणला. त्यात जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. वायरमनने मीठ मागितलं तेव्हा ताईने कैरीच्या लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ काढून दिलं आणि किती घेतोय ते बघत उभी राहिली. पाइप, वायर, मजुरी मिळून २५००. भिशीतले उरले होते २४००.

मी खिशात हात घातला. ताईने मिसळणाच्या डब्यामागून शंभराची नोट काढून वायरमनच्या हातावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुपारी टेस्टर पुन्हा कॅबिनेटला टेकवला. दिवा लागला नाही.

पुढचे काही महिने त्या घरात टीव्हीवरून महायुद्ध चाललं. साडेसात ते दहा सासूबाईंच्या मालिका. त्यानंतर भाच्याचा व्हॅलोरंट, कानाला हेडफोन लावून. दिवाळीला दाजींनी बोनसमधून मॉनिटर आणला, आणि त्याच्यासोबत मी यादीत लिहायचं साफ विसरलो होतो तो यूपीएस. लाइट जाण्याचं प्रमाण बघता तो खरं तर पहिल्या पाचांत हवा होता. हा माझा ‘कोणताही’.

२०२५च्या शेवटाला एआयच्या डेटा सेंटरांनी रॅम ओढायला सुरुवात केली आणि भाव असे चढले की भाच्याने मला आपलं जुनं बिल फोटो काढून पाठवलं. ३४००च्या ओळीभोवती लाल गोल. खाली लिहिलं होतं, ‘मामा, आणखी दोन घ्यायला हव्या होत्या.’ मी त्याला कळवलं की बोर्डावर खाचे दोनच आहेत. तो म्हणाला, विकायला रे.

परवा दुपारी दोनच्या सुमारास ताईचा फोन आला. ऑफिसच्या वेळेत ती कधी करत नाही, म्हणून मी जरा घाबरूनच उचलला. भाचा कॉलेजला होता, दाजी कामावर, सासूबाई झोपलेल्या. पाठीमागे वहीची पानं उलटल्याचा आवाज येत होता.

“अरे,” ती हळू आवाजात म्हणाली, “हे चालू कुठून करायचं?”